खुर्चीला लुगडे, खणाला खण

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील मराठी घरांत दोन गोष्टी हमखास साठलेल्या असतात. एक म्हणजे ट्रंकेत घडी घालून ठेवलेली आजीची किंवा सासूबाईंची इरकल लुगडी, जी आता नेसायला कोणी नसते आणि टाकवतही नाहीत. दुसरी म्हणजे ओटीत आलेले खण आणि ब्लाऊजपीस, ज्यांतले निम्मे पुढच्या घरच्या ओटीत जातात आणि निम्मे कपाटातच राहतात. त्याच घरांत लोखंडी फोल्डिंग खुर्ची, प्लायवुडचे स्टूल, पार्टिकल बोर्डाचे टीव्ही स्टँड असे स्वस्तातले सामानही असते. त्याची हाडे अजून शाबूत असतात, फक्त रेक्झिन फाटलेले किंवा सनमायका उडालेला असतो. या दोहोंची गाठ कशी घालावी, हे या लेखात सविस्तर सांगायचे आहे. शिवणयंत्र असेल तर सोय होते, पण पुढे दिलेल्या कामांपैकी बरीचशी कात्री, जाड सुई, स्टेपल गन आणि फेविकॉल एवढ्यावर होतात.

कामाला लागण्यापूर्वी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. फर्निचरवर लावायचे कापड रंगावरून निवडायचे नसते, ते कुठे झिजले आहे यावरून निवडायचे असते. लुगडे दिसायला अखंड असते, पण ते सगळीकडे सारखे जुने झालेले नसते.

कापडाची पारख

लुगडे दिवसाउजेडी खिडकीत दोघींनी धरून उजेडाच्या विरुद्ध बाजूने पाहावे. कासोट्याचा भाग आणि बसताना खाली येणारा भाग सर्वांत आधी विरतो. तिथे कापड जाळीसारखे दिसते. टाचेशी घासलेल्या काठाची सुते सुटलेली असतात. या उलट पदर, पदराजवळचा हातभर भाग आणि कमरेला आत खोचले जाणारे टोक बहुधा उत्तम राहिलेले असते. विरलेल्या भागांभोवती खडूने रेघ ओढून ठेवावी, म्हणजे कापताना चूक होत नाही.

नुसते पाहून भागत नाही. दोन्ही अंगठे कापडावर शेजारी शेजारी ठेवून आधी उभ्या धाग्यांच्या दिशेने आणि मग आडव्या धाग्यांच्या दिशेने जोर लावावा. चांगले कापड ताणले जाते आणि परत येते. कुजलेले कापड बारीक ‘चर्र’ आवाज करते आणि सुताच्या रेषा एकमेकींपासून सरकतात. असे कापड बैठकीला कधीही लावू नये, कितीही सुंदर असले तरी. टेबलाच्या खणाच्या, म्हणजे ड्रॉवरच्या, दर्शनी पट्टीला, जिथे ताण नाही तिथे, ते चिकटवून चालते.

इरकलीच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. इरकल लुगड्याचा अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा वेगवेगळा असतो, आणि दोन्ही एकमेकांत फासे अडकवून जोडलेले असतात. या पद्धतीला टोपतेनी म्हणतात. अंग सुती, पदर आणि काठ रेशमी किंवा आर्ट सिल्कचा (कृत्रिम रेशमाचा), अशी जुन्या लुगड्यांची सर्वसाधारण घडण असते. हा सांधा नेसताना काही त्रास देत नाही, पण खुर्चीच्या बैठकीवर माणसाचे वजन रोज त्यावर आले तर तो आधी उसवेल, म्हणून सांध्याचा भाग बैठकीच्या मधोमध येणार नाही असे कापड आखावे. आणि एक वैयक्तिक मत सांगते: ज्याचा पदर अजून धडधाकट आहे आणि ज्याचे अंगही नेसण्याजोगे आहे, असे लुगडे कापू नये. ते कोणाला तरी नेसायला द्यावे. कात्री लावायची ती अर्ध्याहून अधिक विरलेल्या लुगड्याला.

बाकीच्या कापडांचे थोडक्यात. जीन्स बैठकीला सर्वांत टिकाऊ. शाळेच्या जुन्या गणवेशाच्या पॅन्टचे कापड दिसायला नीरस, पण आतल्या थराला अप्रतिम. शिंप्याकडे कोट-पॅन्टच्या कापडाची कातरणे मागितली तर पोतेभर मिळतात. बेळगावच्या शहापूर, वडगाव, खासबाग भागात ज्यांच्या ओळखीत मागवाले आहेत, त्यांना विणीत दोष राहिलेले तुकडे मिळू शकतात. ते कोरे असतात, त्यामुळे मजबुतीची चिंता नसते. नायलॉन आणि जॉर्जेटच्या साड्या मात्र चिकटवण्याच्या कामाला घेऊ नयेत, कारण त्या डिंक पीत नाहीत आणि त्यावर कायमचे ओले दिसणारे डाग राहतात. बारदानाचा मोह निपाणीकडच्या मंडळींना होतो. ते दिसतेही छान, पण तंबाखूचे बारदान असेल तर तीन वेळा धुऊनही पाहुण्याला शिंका येतात.

निवडलेले कापड आधी धुवावे. रात्रभर साध्या पाण्यात भिजवावे, सकाळी कोमट पाण्यात साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवावे. जे आटायचे आहे ते आताच आटू द्यावे, नाहीतर खुर्चीला लावल्यावर पहिल्याच पुसण्यात ते कोपऱ्यांतून आक्रसते. लाल काठाचा रंग सुटतो का, हे पाहण्यासाठी ओले पांढरे फडके काठावर दाबून घासावे. फडके गुलाबी झाले तर तो काठ बैठकीला लावू नये. उन्हाळ्यात घामाने तोच रंग पाहुण्यांच्या पांढऱ्या लेंग्यावर उतरेल.

लाकूड आणि लोखंड

कापडाने डगमगती खुर्ची स्थिर होत नाही. ती आधी सपाट फरशीवर ठेवून चारी कोपऱ्यांवर हाताने दाबून पाहावी. सांधे ढिले असतील तर जुना डिंक खरवडून नवा फेविकॉल भरावा आणि सांधा सुतळीने आवळून एक दिवस तसाच ठेवावा. लोखंडी खुर्चीचा गंज पॉलिश पेपरने काढून रेड ऑक्साइडचा एक हात द्यावा, नाहीतर गंजाचा पिवळा डाग कापडातून वर येतो.

जुन्या बाजारातून आणलेली खुर्ची असेल तर रेक्झिन काढताना ती घराबाहेर काढावी. आतल्या काथ्यात, फळीच्या कडांत आणि खिळ्यांच्या डोक्यांखाली ढेकणांची काळी ठिपकी दिसली, तर आतले सगळे भरण फेकून द्यावे आणि फक्त फळी ठेवावी. तिच्या सगळ्या फटींत उकळते पाणी ओतावे आणि ती दोन दिवस उन्हात ठेवावी. पार्टिकल बोर्डाला हा उपाय चालत नाही, कारण तो पाण्याने फुगतो आणि फुगलेला बोर्ड पुन्हा बसत नाही. कडा फुगलेल्या बोर्डावर कापड चिकटवण्याचा खटाटोपही करू नये.

प्लास्टिकच्या खुर्चीबद्दल नेहमी विचारणा होते. त्या प्लास्टिकला फेविकॉल धरत नाही. दुसऱ्या दिवशी कापड सालीसारखे निघते. तिला शिवलेला अभ्रा आणि खाली बांधायच्या नाड्या, एवढाच मार्ग आहे.

खुर्चीची बैठक

हे काम सर्वांत जास्त उपयोगाचे आहे आणि सर्वांत जास्त बिघडतेही हेच, म्हणून यावर सावकाश थांबते.

फोल्डिंग किंवा डायनिंगच्या खुर्चीची बैठक बहुधा खालून चार स्क्रूंनी बसवलेली असते. खुर्ची उलटी करून ते काढावेत आणि एका वाटीत ठेवावेत. जुने रेक्झिन चपट्या स्क्रू ड्रायव्हरने आणि पकडीने उचकटावे; ते फेकू नये, कारण नवे कापड कापायला तोच साचा होतो. फोम पिवळा पडून बोटाने दाबल्यावर पिठासारखा झडत असेल तर नवा आणावा. दीड इंच जाडीचा घट्ट फोम पुरतो. फार मऊ फोमवर माणूस थेट फळीवर जाऊन बसतो. फोम न आणता भागवायचे असेल, तर जुन्या घोंगडीच्या तीन-चार घड्या एकावर एक ठेवून कडेने जाड दोऱ्याने टाचून घ्याव्यात. घोंगडीची बैठक घट्ट असते, फोमसारखी बसत नाही आणि हिवाळ्यात उबदार वाटते. फक्त तिला कसर लागू नये म्हणून आत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून वर एक सुती थर द्यावा आणि वर्षातून एकदा खुर्ची उन्हात ठेवावी. पिंजाऱ्याकडून पिंजून आणलेला कापूस मात्र बैठकीत सहा महिन्यांत गोळे धरतो.

आता माप. बैठक १६ इंच गुणिले १६ इंच आहे असे धरू. एका बाजूला फोमची जाडी दीड इंच, फळीची पाऊण इंच आणि खाली वळवून ठोकायला दोन इंच, म्हणजे सव्वाचार इंच लागतात. दोन्ही बाजूंचे मिळून साडेआठ, म्हणून कापड साधारण २५ इंच चौरस हवे. लुगड्याचा पन्हा पुरा ५० इंच भरला तरच आडवे दोन तुकडे निघतात, ४५ इंच असेल तर एकच निघतो. चार खुर्च्यांना एकच लुगडे पुरेल असे गृहीत धरणाऱ्यांची इथेच फसगत होते, कारण विरलेले भाग वगळल्यावर लांबीही तेवढी उरत नाही. कात्री चालवण्यापूर्वी वर्तमानपत्राचे चार चौकोन कापून ते लुगड्यावर मांडून पाहावेत.

लुगड्याचे सुती अंग एकट्याने बैठकीचा ताण सोसत नाही. म्हणून दोन थर घ्यावेत: खाली गणवेशाचे किंवा मांजरपाटाचे कापड, वर लुगडे. खालचा थर आधी ताणून ठोकावा. सगळे वजन तो पेलतो. वरचा थर फक्त सुरकुती राहणार नाही इतकाच ओढावा. हा फरक कळला की जुने कापडही बरीच वर्षे काढते.

ठोकण्याचा क्रम असा. कापड जमिनीवर उलटे पसरावे, त्यावर फोम, त्यावर फळी. पुढच्या बाजूच्या मध्यावर एक पिन मारावी, मग कापड ओढून मागच्या बाजूच्या मध्यावर एक. मग डावा मध्य, उजवा मध्य. इथे थांबून बैठक उलटी करून पाहावी. काठ किंवा चौकडा सरळ दिसत असेल तरच पुढे जावे. मग प्रत्येक मध्यापासून दोन्हीकडे एकेक इंचावर पिना मारत जावे, पण कोपऱ्यापाशी दोन-दोन इंच मोकळे सोडावेत. माझ्या पहिल्या खुर्चीला मी हा क्रम पाळला नव्हता. पुढची सगळी बाजू एका दमात ठोकली, मग मागची ओढली, आणि सुलटी करून पाहते तर मधोमध घेतलेला गोमी काठ मागे जाता जाता इंचभर डावीकडे सरकलेला. ती खुर्ची पाहून घरातले एक वडीलधारे म्हणाले होते, “बसणाऱ्याने मान वाकडी करून बसायचं काय?” सगळ्या पिना पुन्हा उपसाव्या लागल्या आणि उपसताना कापडाला पडलेली भोके झाकायला खाली अधिक कापड उरले नव्हते.

कोपरा करताना कापडाचे टोक आधी सरळ आत, फळीच्या मध्याकडे ओढून एका पिनेने धरावे. दोन्ही बाजूंना कानासारखे फुगलेले कापड उरते. त्यातल्या एका कानाच्या आतले जास्तीचे कापड पिनेपर्यंत कापून टाकावे, मग उरलेला कान असा दुमडावा की त्याची घडी कोपऱ्याच्या उभ्या धारेवर बरोबर बसेल. पुढच्या दोन कोपऱ्यांची घडी बाजूला तोंड करून असावी, समोर नव्हे. समोरून पाहणाऱ्याला अखंड कापड दिसते. गोल कोपरा असेल तर एका मोठ्या घडीऐवजी तीन-चार लहान चुण्या घ्याव्यात, उकडीच्या मोदकाला घेतो तशा सारख्या अंतरावर. स्टेपलची पिन पातळ फळीला ६ मिलिमीटरची आणि जाड फळीला १० मिलिमीटरची घ्यावी. पातळ फळीला लांब पिन मारली तर ती फोममधून वर टोचते, आणि ते बसल्याशिवाय कळत नाही. स्टेपल गन नसेल तर चांभार वापरतात त्या बारीक चुका आणि लहान हातोडी यांनीही काम उत्तम होते, फक्त वेळ तिप्पट लागतो.

काठ बैठकीच्या मध्यावर हवा असेल तर एक युक्ती आहे. लुगड्याचा काठ कडेला असतो, त्यामुळे तो मध्ये आणण्यासाठी कापून साध्या कापडावर टीप मारून बसवावा लागतो. काठाच्या दोन्ही कडा आत दुमडून आधी कच्चा दोरा घालावा, इस्त्री करावी आणि मगच यंत्राची टीप मारावी. रेशमी काठ आणि सुती कापड एकमेकांवर सरकतात, आणि कच्च्या दोऱ्याशिवाय शिवलेला काठ नेहमी नागमोडी येतो.

खणाला खण

ओटीतल्या खणांचा आणि ब्लाऊजपीसांचा सर्वांत सोपा उपयोग म्हणजे टेबलाच्या किंवा कपाटाच्या खणांना दर्शनी बाजूने कापड चिकटवणे. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा खण पन्ह्याला लहान असतो, पण टेबलाच्या खणाची पट्टी त्याहून लहान असते, त्यामुळे मोजमापाची डोकेदुखी नाही. एकाच टेबलाच्या तीन खणांना तीन रंगांचे खण लावले तरी विजोड दिसत नाहीत, कारण विणीची जात एक असते. मला स्वतःला हेच जास्त आवडते.

खण ओढून बाहेर काढावा, मूठ स्क्रू काढून बाजूला ठेवावी. सनमायका गुळगुळीत असल्यामुळे त्यावर १२० नंबरच्या पॉलिश पेपरने इतके घासावे की चमक जाईल. मग ओल्या फडक्याने पुसून वाळू द्यावे. बोर्ड गडद रंगाचा आणि कापड फिके असेल तर आधी पांढऱ्या प्रायमरचा एक हात द्यावा, नाहीतर बोर्डाचा काळपटपणा कापडातून दिसत राहतो. फेविकॉलच्या तीन भागांत पाण्याचा एक भाग मिसळावा. हे मिश्रण ब्रशने बोर्डावर पातळ आणि सारखे लावावे, कापडावर नव्हे. इस्त्री केलेले कापड चारी बाजूंनी अर्धा इंच जास्त ठेवून एका कडेपासून हळूहळू टेकवत जावे आणि जुन्या एटीएम कार्डाच्या धारेने मध्यापासून कडेकडे हवा काढावी. ओले झालेले कापड ताणू नये. ताणले की चौकडा वाकतो आणि वाळल्यावर कडा मागे येतात. पूर्ण वाळल्यावर जास्तीचे कापड ब्लेडने कापून कड पॉलिश पेपरने खालच्या दिशेने घासावी. शेवटी कापडावर त्याच मिश्रणाचे दोन पातळ हात द्यावेत. पहिला हात दुधासारखा पांढरा दिसतो, पण वाळल्यावर पारदर्शक होतो, त्यामुळे घाबरू नये.

टीपॉयच्या वरच्या पृष्ठभागावर हीच पद्धत वापरता येते, पण तिथे चहाचा गरम कप येतो. पांढरा डिंक उष्णतेने आणि पाण्याने मऊ पडतो, त्यामुळे कपाच्या गोल खुणा उमटतात. टीपॉयवर काच ठेवणार असाल तरच कापड चिकटवावे. काच घालणार नसाल तर नुसते विणलेले आसन टाकलेले बरे.

आणि हे काम आषाढ-श्रावणात काढू नये. खानापूरकडच्या किंवा बेळगाव शहरातल्या पावसाळ्यात डिंक चोवीस तासांत वाळत नाही, तीन-तीन दिवस चिकट राहतो. एका जुलैत घाईने लावलेल्या खणाला गणपती येईपर्यंत आतून करड्या बुरशीचे गोल उमटले होते आणि सगळे कापड सोलून काढावे लागले. दसऱ्यानंतर होळीपर्यंतचा काळ या कामाला सर्वोत्तम. अथणी, चिकोडीकडच्या कोरड्या हवेत राहणाऱ्यांना ही अडचण एवढी भासत नाही.

चिंध्यांची वेणी, स्टुलाचे विणकाम

ज्याची नवार किंवा वेत तुटला आहे आणि फक्त सांगाडा उरला आहे असे लोखंडी किंवा लाकडी स्टूल बहुतेक घरांच्या मागच्या पडवीत असते. पूर्ण विरलेल्या लुगड्याला इथे खरा न्याय मिळतो, कारण वेणीत तीन पट्ट्या एकमेकींचा भार वाटून घेतात आणि एखादी पट्टी तुटली तरी वेणी तुटत नाही.

लुगड्याचे दोन्ही काठ आणि पदर आधी कापून वेगळे ठेवावेत. मग अंगाच्या एका टोकाला दर दोन इंचांवर कात्रीने छेद द्यावा आणि उभ्या दिशेने फाडत जावे. सुती कापड धाग्याच्या रेषेत सरळ फाटते, कात्रीने कापलेल्यापेक्षाही सरळ. फाडताना बारीक सुताची धूळ फार उडते; नाकाला रुमाल बांधून अंगणात बसावे. प्रत्येक पट्टीचा लगेच गुंडा करावा, नाहीतर नऊ वार लांबीच्या वीस पट्ट्यांचा गुंता सोडवण्यात दुपार जाते.

किती कापड लागेल, याचा हिशेब मांडून पाहू. स्टूल १४ इंच चौरस आहे आणि दोन इंची पट्ट्यांची वेणी पाऊण इंच रुंद होते, म्हणजे एका दिशेने साधारण १८ वेढे बसतात. प्रत्येक वेढा वरून आणि खालून मिळून ३० इंचांचा, म्हणून १८ वेढ्यांना ५४० इंच, म्हणजे १५ वार वेणी लागते. दुसऱ्या दिशेलाही तेवढीच, म्हणजे एकूण ३० वार. वेणी घालताना लांबी साधारण चौथाईने घटते, म्हणून प्रत्येक पदराला ४० वार आणि तीन पदरांना १२० वार पट्टी हवी. काठ वगळून ४० इंच अंग उरले तर वीस पट्ट्या, नऊ वारांनी १८० वार. विरून तुटणारा भाग सोडला तरी एका लुगड्यात एक स्टूल निघते.

पट्टी संपली की शिवायची गरज नाही. जुन्या पट्टीच्या टोकाला अर्ध्या इंचाची उभी फट पाडावी, नव्या पट्टीच्या टोकालाही तशीच पाडावी. नवी पट्टी जुनीच्या फटीतून ओवून तिचे दुसरे टोक तिच्याच फटीतून ओढून घ्यावे. गाठ चपटी बसते. तिन्ही पदरांचे सांधे मात्र एका जागी येऊ देऊ नयेत.

पहिल्या दिशेचे वेढे सांगाड्याला घट्ट शेजारी शेजारी घालावेत, पण ढोलासारखे ताठ आवळू नयेत. दोन बोटांनी दाबल्यावर अर्धा इंच खाली जातील इतकी ढील ठेवावी. दुसऱ्या दिशेची वेणी एक वर, एक खाली अशी जाऊ लागली की ही ढील आपोआप खेचली जाते. सुरुवातीलाच ताठ केले तर शेवटच्या चार ओळी ओवताच येत नाहीत. वेणीच्या टोकाला मोठी सेफ्टी पिन लावावी, जशी आपण परकराच्या नेफ्यात नाडी घालायला लावतो, आणि अडेल तिथे उलथन्याच्या दांड्याने वेढे उचलून वाट करावी. प्रत्येक ओळ झाल्यावर तीच दांडी आडवी धरून ओळ मागच्या ओळीकडे ठोकून बसवावी. शेवटचे टोक खालच्या बाजूला तीन-चार वेढ्यांतून ओवून जाड दोऱ्याने टाचावे. काढून ठेवलेल्या काठांची वेगळी वेणी करून ती मधल्या दोन ओळींत वापरली, तर डाळिंबी रंगाचा एक पट्टा मधोमध उठून दिसतो.

आसनाची गोष्ट

लाकडी बाकडे, जिन्याची पायरी किंवा प्लास्टिकची खुर्ची, यांना चिकटवण्यापेक्षा आसन टाकणे सोयीचे. आपल्याकडे वाकळ शिवतात तशी लहान वाकळ कोणीही शिवेल. पण हल्याळ, यल्लापूर आणि खानापूरच्या रानपट्टीतल्या सिद्दी (मूळ आफ्रिकी वंशाच्या) बायकांची कवंदी, म्हणजे तुकड्यांची गोधडी, शिवण्याची रीत इथे जास्त उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे. आपण तुकडे आधी जोडून मग शिवतो. कवंदीत खाली एक अखंड लुगडे असते आणि काम एका कोपऱ्यापासून सुरू होऊन कडेकडेने फिरत आत मध्याकडे जाते. तुकड्याची कड आत दुमडायची, त्याच धावदोऱ्याने तो खालच्या कापडाला शिवायचा, पुढचा तुकडा आधीच्याची उघडी कड झाकेल असा ठेवायचा. तुकडे आधी मापाने कापावे लागत नाहीत आणि कातरणे जशी हाती येतील तशी वापरता येतात. चारी कोपऱ्यांना त्या बायका कापडाच्या त्रिकोणी घड्यांची ‘फुला’ लावतात, आणि त्यांच्या लेखी या फुलांशिवाय कवंदी उघडी राहते.

खुर्चीच्या आसनाला १६ इंचांचा चौरस घ्यावा आणि धावदोऱ्याच्या ओळींत बोटभर अंतर ठेवावे. दोरा साधा शिवणाचा नको, वाकळीचा जाड सुती दोरा किंवा साध्या दोऱ्याचे चार पदर घ्यावेत. दोन मागच्या कोपऱ्यांना काठाच्या पट्टीच्या नाड्या शिवल्या की आसन घसरत नाही, आणि मळले की सोडून धुता येते.

सगळे काम आटोपल्यावर बैठकीच्या फळीच्या खालच्या बाजूला एक काळे पातळ कापड ठोकावे, म्हणजे कापलेल्या कडा दिसत नाहीत आणि झुरळे आत जात नाहीत. ते ठोकण्यापूर्वी मी फळीवर पेन्सिलीने चार गोष्टी लिहून ठेवते: पिन किती मिलिमीटरची मारली, फोम किती इंचाचा घातला, खालचा थर कशाचा आहे, आणि वरचे कापड कोणाच्या लुगड्याचे. पुढच्या वेळी खुर्ची उघडणाऱ्याला पहिल्या तीन गोष्टी लागतात. चौथी वाचून तो कापडाचा उरलेला तुकडा कोणाकडे मागायचा, हे त्याला कळते.